‘उद्या’ खोडून ‘दुसऱ्या दिवशी’

गेल्या वर्षी मी एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद करून दिला. संपादन होऊन तो परत आला तेव्हा त्यात पुष्कळ दुरुस्त्या होत्या. बहुतेक मला पटल्या. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि बंगळुरूत अठरा वर्षं काढल्यावर माझ्या मराठीत काय काय शिरलंय ते मला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं. पण एका ठिकाणी मी लिहिलेला ‘उद्या’ खोडून तिथे ‘दुसऱ्या दिवशी’ केलं होतं. समासात शेरा होता: इंग्रजी अनुवादात ‘द नेक्स्ट डे’ आहे, कृपया जुळवून घ्यावे.

त्या शेऱ्याशी माझं भांडण आहे. ते एका संपादकाशी नाही, म्हणून नाव-गाव सांगत नाही. कथेचंही नाव सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही.

कथेतली बाई म्हातारी आहे. तिचा मुलगा गाव सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली. येणारा-जाणारा विचारतो, मुलगा कुठे असतो? ती दरवेळी एकच वाक्य बोलते: ‘नाळे बर्तीनि अंत हेळि होद.’ कन्नड न येणाऱ्यांसाठी शब्द सुटे करते. नाळे म्हणजे उद्या. बर्तीनि म्हणजे येतो. अंत म्हणजे म्हणून. हेळि म्हणजे सांगून. होद म्हणजे गेला. उद्या येतो म्हणून सांगून गेला. पाच शब्दांना पाच शब्द, त्याच क्रमाने. ‘बर्तीनि’ हे जसं वर्तमानाचं रूप भविष्यासाठी वापरलेलं आहे, तसंच आपलं ‘येतो’. अनुवादकाच्या नशिबी असं वाक्य रोज येत नाही. मला काही करावंच लागलं नाही.

छापून आलं ते असं: ‘दुसऱ्या दिवशी परत येईल असे सांगून तो निघून गेला.’

व्याकरणात चूक नाही. अर्थही कोणी म्हणेल तोच आहे. पण म्हातारीच्या वाक्यात मुलाचा आवाज होता. तो जे बोलला ते जसंच्या तसं तिने जपून ठेवलं होतं, आणि तो ‘उद्या’ अजून संपलेला नव्हता. आज कोणी विचारलं तर आजच्या पुढचा दिवस म्हणजे उद्या. पुढच्या वर्षी विचारलं तर तेव्हाच्या पुढचा. ‘दुसऱ्या दिवशी’ मात्र एका ठरलेल्या तारखेला बांधलेला आहे. मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दिवस उजाडला, मावळला, आणि मुलगा खोटा ठरला. मूळ कथेतली बाई वाट बघते आहे. छापलेल्या मराठीतली बाई फसवली गेलेली आहे. कथा वाट बघण्याची आहे.

अनुवाद करताना मी लेखिकेला वाक्यं वाचून दाखवत असे. त्यांना मराठी येत नाही. मी मोठ्याने वाचायचं आणि शब्दाशब्दाचा अर्थ सांगायचा, अशी आमची पद्धत होती. हे वाक्य ऐकून त्या हसल्या होत्या, ‘हे तर आमचंच आहे’ म्हणून. छापील प्रत हाती आल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, ‘इतकं लांब कसं झालं? नाळे एल्लि?’ उद्या कुठे आहे?

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ‘द नेक्स्ट डे’ आलं कुठून ते बघू. इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने चूक केलेली नाही. ज्यांनी शाळेत ‘रेन अँड मार्टिन’ घोकलं आहे त्यांना ‘डायरेक्ट’चं ‘इनडायरेक्ट’ करण्याचा तक्ता आठवत असेल. ‘नाऊ’चं ‘देन’ करा, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’ आणि ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. दुसऱ्याचं बोलणं सांगताना सांगणारा ते आपल्या जागेवरून पुन्हा मांडतो. क्रियापद एक पायरी मागे सरकवतो, सर्वनाम बदलतो, दिवस बदलतो. बोलणारा माणूस बाजूला होतो आणि त्याचा मतलब उरतो. इंग्रजीची ती रीत आहे, तिथे ती शोभते.

मराठीत आणि कन्नडमध्ये तशी सक्ती नाही. आपल्याकडे ‘म्हणून’ आहे, त्यांच्याकडे ‘अंत’ किंवा ‘एंदु’. दोन्हींचं मूळ ‘असं बोलून’ याच अर्थाचं. हा एक शब्द शेवटी ठेवला की त्याच्या आधीचं बोलणं बोलणाऱ्याच्या तोंडून आलं तसं ठेवता येतं. ना क्रियापद हलवायचं, ना दिवस. ‘राम म्हणून एक मुलगा होता’ इथेही तेच, आणि कन्नडमध्येही ‘राम अंत ओब्ब हुडुग’. पाचवीपासून आपण इंग्रजीचा तक्ता इतका पाठ केला की छापायच्या मराठीत ‘उद्या येतो म्हणाला’ हे आपल्याला घरगुती वाटतं आणि ‘दुसऱ्या दिवशी येईल असे त्याने सांगितले’ हे शुद्ध वाटतं.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांना बंगळुरूच्या भिंतींची गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकात या शहरात एक अफवा होती. रात्री एक बाई गल्ल्यांतून फिरते, दार ठोठावते आणि घरातल्या माणसाच्या ओळखीच्या आवाजात हाक मारते. दार उघडणारा मरतो. उपाय सोपा होता. दारावर, भिंतीवर लिहून ठेवायचं, ‘नाळे बा’. उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते, पुन्हा परत जाते. मी या शहरात आले त्याच्या आधीची ही गोष्ट, पण त्या वयाच्या कोणालाही विचारा, लहानपणी दारावर खडूने लिहिलेलं आठवतं. पुढे २०१८च्या ‘स्त्री’ या हिंदी सिनेमाने हीच युक्ती चंदेरीच्या भिंतींवर नेली आणि सगळ्या देशाला ‘कल आना’ माहीत झालं.

ही सगळी राखण एका शब्दाच्या स्वभावावर उभी आहे. ‘उद्या’ला स्वतःची तारीख नाही. वाचणारा ज्या दिवशी वाचेल त्या दिवसापासून तो मोजला जातो. भिंतीवर ‘दुसऱ्या दिवशी ये’ असं लिहिलं असतं तर भुताने विचारलं असतं, कशाच्या दुसऱ्या दिवशी? आणि लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरात आलं असतं. आपल्या वाण्याच्या दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटीही याच हिशेबावर चालते.

इंग्रजीला हे कळत नाही असं कोणी समजू नये. लुइस कॅरलच्या १८७१च्या पुस्तकात पांढरी राणी ॲलिसला नोकरीवर ठेवताना मुरांब्याचं आमिष दाखवते. तो काल मिळतो आणि उद्या मिळतो, आज मात्र कधीच नाही. वाण्याची पाटी ती हीच. इंग्रजी कादंबरीही तक्त्याच्या बाहेर केव्हाच पडली आहे. पात्राच्या मनात शिरून लिहिताना भूतकाळाचं क्रियापद आणि ‘टुमॉरो’ तिथे एकाच वाक्यात सुखाने नांदतात. जर्मन अभ्यासक केटे हाम्बुर्गर यांनी १९५७मध्ये कथनाच्या तर्कशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं त्यात अशाच वाक्यांवरून दाखवलं की कथेतला ‘उद्या’ लेखकाचा नसतो, पात्राचा असतो. एम.ए.ला असताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बंगळुरूच्या म्हातारीने ते मला वीस वर्षांनी समजावलं. म्हणजे दोष इंग्रजी भाषेचा नाही. दोष आहे तो मधल्या इंग्रजीला प्रमाण मानून दोन्ही टोकांच्या भाषा तिच्या मापाने कापण्याचा.

‘टुमॉरो’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर हे माप किती नवं आहे तेही कळतं. जुन्या इंग्रजीत तो एक शब्दच नव्हता. ‘टो मॉर्गेने’ असे दोन शब्द होते, अर्थ साधारण ‘सकाळी’ किंवा ‘सकाळच्याला’. ‘मॉरो’ आणि ‘मॉर्निंग’ एकाच मुळाचे. पुढे दोन्ही जवळ आले, मध्ये जोडरेघ पडली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील इंग्रजीत ती रेघ दिसते. साहेबाच्या काळातले जुने कागद कोणी चाळले असतील त्यांनी ती पाहिली असेल. जर्मनमध्ये आजही ‘मॉर्गेन’ म्हणजे सकाळ आणि उद्याही. स्पॅनिशमध्ये ‘मान्याना’चं तसंच. आपल्या ‘उद्या’चं नातं ‘उदय’शी. हिंदीचा ‘कल’ आणि आपला ‘काल’ संस्कृत ‘कल्य’वरून आले, आणि कल्य म्हणजे पहाट. कन्नड ‘नाळे’ ‘नाळ्’वरून, म्हणजे दिवस. रात्र आडवी आली की पलीकडच्या सकाळीला माणसाने नाव दिलं, एवढंच. इंग्रजीने त्या पहाटेचा उद्या केला, मराठीने काल केला, हिंदीने दोन्ही केले.

इथे तो जुना टोमणा आठवतो. ज्यांच्या भाषेत काल आणि उद्याला एकच शब्द आहे त्यांना वेळेचं काय भान असणार, असा. रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’च्या निवेदकानेही (१९८१) तो मारला आहे. ती कादंबरीतली थट्टा आहे, आणि कादंबरीला थट्टेचा हक्क आहे. पण ती थट्टा आता परिसंवादांत सिद्धान्त म्हणून फिरते. भारतीय माणसाचा काळ चक्राकार, म्हणून कल आणि कल एक, असं गंभीर चेहऱ्याने सांगणारे मी या शहरात ऐकले आहेत.

त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ‘कल आया’ आणि ‘कल आएगा’ यात हिंदी माणूस कधी गोंधळला आहे का? दिशा क्रियापद सांगतं, मग नामाने पुन्हा कशाला सांगायची? आपण मराठी माणसं काल आणि उद्या वेगळे ठेवतो म्हणून मिरवतो, पण आपला ‘परवा’ दोन्हीकडे जातो. परवा आला, परवा येईल. त्यामुळे आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही. दुसरी, ‘यस्टरडे’मधला ‘यस्टर’ आणि संस्कृत ‘ह्यः’ हे एकाच मुळाचे, आणि त्याच घराण्यातला गॉथिक शब्द ‘गिस्त्रदगिस’ चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या बायबलमध्ये चक्क ‘उद्या’ या अर्थाने येतो. गॉथांचा काळही चक्राकार होता काय? तिसरी, पाणिनीने क्रियापदाच्या रूपांतच आजची हद्द आखून ठेवली आहे. आजचा नसलेला भूतकाळ वेगळा, आजचा नसलेला भविष्यकाळ वेगळा, त्यांचे लकार वेगळे. ज्या परंपरेच्या व्याकरणात क्रियापदच ‘आज की आजच्या पलीकडे’ हे विचारतं, तिला वेळेचं भान नव्हतं म्हणणं धाडसाचं आहे.

उलट इंग्रजीकडे आपल्या ‘परवा’साठी चालता शब्द उरलेला नाही. एके काळी होता. १५३५च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये ‘ओव्हरमॉरो’ सापडतो. पुढे तो गळून गेला आणि आता चार शब्दांची ‘द डे आफ्टर टुमॉरो’ ही माळ जपावी लागते. म्हणून इंग्रजांना परवाचं भान नाही असं मी म्हणणार नाही. भाषा एक शब्द टाकते, दुसरीकडून काम भागवते. मला एवढंच म्हणायचं आहे की जी भाषा परवाचा शब्द हरवून बसली तिच्यातून गाळून आपण दोन ‘परवा’वाल्या भाषांची देवाणघेवाण का करतो आहोत?

कारण कन्नडमध्ये ‘मोन्ने’ आहे, आणि ‘मोन्ने’ म्हणजे आपला मागचा परवा. मोजून दोन दिवसांपूर्वीचाही आणि ढोबळ ‘अलीकडे’ या अर्थाचाही, अगदी परवासारखाच. ‘मोन्ने मोन्नेवरेगू’ म्हणजे ‘परवा परवापर्यंत’. द्विरुक्तीसुद्धा जशीच्या तशी. (पुढच्या परवाला त्यांच्याकडे ‘नाडिद्दु’ वेगळा आहे. त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा काटेकोर.) इंग्रजीत ‘मोन्ने’चं कधी ‘द डे बिफोर यस्टरडे’ होतं, कधी ‘द अदर डे’. दोन्ही वाईट नाहीत. पण त्या ‘द अदर डे’वरून मराठी करणारा लिहितो ‘त्या दिवशी’ किंवा ‘अलीकडेच एके दिवशी’. मूळ घरात दोन्हीकडे पडून असलेला शब्द, मधल्या दुकानात जाऊन आला आणि ओळखू येईनासा झाला.

मी मिरजेची. आमच्या शेजारी कुपवाड. आता ते सांगली-मिरजेबरोबर एकाच महापालिकेत आहे आणि नाव काढलं की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र जगभर हे गाव माहीत आहे. १९७१मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावावर निबंध प्रसिद्ध केला. गावातले जैन शेतकरी घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणि मराठी सगळ्यांना येई. कित्येक पिढ्या हे असं चालल्यामुळे तिथल्या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेचं वाक्य दुसरीत न्यायचं तर जागच्या जागी शब्द बदलले की काम झालं. शब्द आपापले राहिले, सांगाडा एक झाला. प्रमाण कन्नड आणि प्रमाण मराठी इतक्या जवळ नाहीत हे खरं, पण म्हातारीचं वाक्य कुपवाडच्या रस्त्याने आलेलं आहे. ते बंगळुरूतून निघून लंडनच्या पत्त्यावर पाठवायचं आणि तिथून मराठीत मागवायचं, हा उपद्व्याप कशासाठी?

१९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून मराठी आणि कन्नड माणसं सीमेवरून भांडत आली आहेत. त्या भांडणात मी इथे पडत नाही. पण निदान भांडण तरी थेट होतं. आता कथा सांगायची तर मध्ये तिसरा लागतो, ही भांडणापेक्षा वाईट अवस्था आहे.

मला ठाऊक आहे, यावर उत्तरं तयार आहेत. पहिलं उत्तर सोयीचं. कन्नड जाणणारा संपादक मराठीत मिळत नाही, मग अनुवाद तपासायचा कशावरून? इंग्रजीवरूनच. हे उत्तर मला अर्धं मान्य आहे. इंग्रजी शेजारी ठेवून एखादा परिच्छेद गळला आहे का, नावं बरोबर आहेत का, हे जरूर बघा. मीही बघते. पण तपासणीला घेतलेलं पुस्तक मूळ पुस्तकाच्या खुर्चीत बसतं तेव्हा तपासणी संपते. शेऱ्यात ‘मूळ कन्नडमध्ये काय आहे?’ असं विचारलं असतं तर मी दोन ओळींत सांगितलं असतं. शेरा होता, जुळवून घ्यावे.

दुसरं उत्तर परंपरेचं. मराठीने रशियन कादंबऱ्या इंग्रजीवरूनच वाचल्या, फ्रेंच कथा इंग्रजीवरूनच, तेव्हा काही बिघडलं नाही. नाही बिघडलं. रशियन जाणणारी माणसं मोजकी होती, आणि इंग्रजीवरून आलेला टॉलस्टॉय न आलेल्या टॉलस्टॉयपेक्षा लाख पटीने बरा. पण ती अडचणीतली वाट होती. बेळगाव, निपाणी, सोलापूर, जत इथे घराघरांत दोन्ही भाषा जाणणारी माणसं बसलेली असताना तीच वाट धरायची याला अडचण म्हणत नाहीत.

तिसरं उत्तर बाजाराचं, आणि ते आज सर्वांत जोरात आहे. २०२५चं इंटरनॅशनल बुकर बानू मुश्ताक यांच्या कथांना मिळालं, दीपा भास्ती यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाबद्दल. कन्नडसाठी तो आनंदाचा दिवस होता, या शहरात तर होताच. त्या इंग्रजी अनुवादाने कन्नड शब्द तिरप्या अक्षरांत टाकून वेगळे काढले नाहीत, तळटिपांनी दमवलं नाही, बोलण्याची लकब इंग्रजीत राहू दिली. इंग्रजीचा अनुवादक इंग्रजीला कन्नडकडे वाकवू पाहतो आहे. आणि त्याच सुमारास माझ्याकडे विचारणा येऊ लागल्या त्या अशा: अमुक कन्नड कथा मराठीत हव्यात, इंग्रजी पुस्तक पाठवतो, त्यावरून लवकर होईल ना? म्हणजे इंग्रजी कन्नडकडे झुकणार आणि आम्ही मराठीवाले, ज्यांना झुकायचीही गरज नाही, ते इंग्रजीकडे झुकणार.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, केलं गेलं आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घरांत पोचल्या त्या उमा कुलकर्णींमुळे. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरुपाक्ष कुलकर्णींनी कन्नड मजकूर वाचून द्यायचा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवायचा, ही त्यांच्या घरची पद्धत आता सर्वांना माहीत आहे. विरुपाक्षराव स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करत. या पद्धतीत मध्ये कोणती भाषा नव्हती, एक आवाज होता. मला वाटतं म्हणूनच त्या अनुवादांत माणसं बोलतात. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून. एकमेकांचे इंग्रजी अनुवाद वाचावेत एवढ्यासाठी गुरुजींची गरज नव्हती.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, जे पुस्तक इंग्रजीवरून केलं आहे त्याच्या मुखपृष्ठावर तसं लिहा. ‘मूळ कन्नड’ असं छापून आत इंग्रजीची री ओढणं ही वाचकाची फसवणूक आहे. दोन, भारतीय भाषांमधल्या अनुवादाला संपादक मिळत नसेल तर एक ऐकणारा शोधा. मूळ भाषा येणाऱ्या माणसासमोर दहा पानं वाचून दाखवली की दोन तासांत जे कळतं ते इंग्रजी प्रतीशी महिनाभर ताडून कळत नाही. त्या दोन तासांचे पैसे द्या. तीन, अनुवादक जेव्हा इंग्रजीपासून हटतो तेव्हा तो चुकला असं आधी धरू नका. आधी विचारा.

ही मागणी मी या नियतकालिकाकडेही करते आहे. इथे आठ-दहा लिपी शेजारी शेजारी छापल्या जातात याचा मला अभिमान वाटतो. पण एका विभागातली कथा दुसऱ्या विभागात जाते तेव्हा कोणत्या रस्त्याने जाते, हे वाचकांनी विचारायला हवं. या अंकाच्या वाचकांना दोन-तीन भाषा येतात. त्यांच्याइतका चांगला ऐकणारा कुठे मिळणार?

त्या कथेची दुसरी आवृत्ती निघेल का, माहीत नाही. निघाली तर वाक्य बदलू, असं मला तोंडी सांगितलं आहे. कधी, म्हणून मी विचारलं नाही. लेखिकांचा परवा पुन्हा फोन आला होता. त्यांनी विचारलं, ते वाक्य दुरुस्त झालं का? मी म्हणाले, ‘नाळे आगत्ते अंत हेळिदारे.’ उद्या होईल म्हणून सांगितलंय.